असईचे सरसेनापती

नॉटिंगहॅममधले आमचे एक स्नेही दातांचे डॉक्टर आहेत. मूळचे साताऱ्याचे. स्वभाव इतका मवाळ की दाढ काढण्याआधी दाढेचीही परवानगी घेतील. घरात मात्र त्यांना ‘सरसेनापती’ म्हणतात. हे नाव वहिनींनी ठेवलं, कारण जेवणाचं टेबल कित्येक वर्षं त्यांच्या ताब्यात आहे आणि बाकीचं कुटुंब मांडीवर ताट घेऊन जेवतं.

धातूचे नाहीतर प्लॅस्टिकचे इंचभर उंचीचे शिपाई आणायचे, ते रंगवायचे, टेबलावर डोंगर-नद्या मांडायच्या आणि टेप व फासे घेऊन इतिहासातली लढाई पुन्हा लढायची, असा हा खेळ. इंग्लंडात या जातीचे लोक गावोगाव सापडतात. नॉटिंगहॅमच्या आसपास तर फारच, कारण असे पुतळे काढणाऱ्या बऱ्याच कंपन्या तिथेच दाटल्या आहेत. त्या मुलखाला ही मंडळी प्रेमाने ‘शिशाचा पट्टा’ म्हणतात. ‘पोरखेळ’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारू नये. मी एकदा उच्चारला, तर सरसेनापतींनी थेट एच. जी. वेल्सला साक्षीला काढलं. वेल्सने १९१३ साली या खेळाच्या नियमांचं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं आणि तो स्वतः जमिनीवर बसून स्प्रिंगच्या तोफेने शिशाचे शिपाई आडवे करायचा. यावर काय बोलणार? एवढा मोठा लेखक जमिनीवर बसतो म्हटल्यावर आपण खुर्चीत अवघडतोच.

या माणसाला सेनापती म्हणणंही तसं चूकच. तो मुळात रंगारी. रात्री दवाखान्यातलं भिंग डोळ्यांवर चढवून तो एका शिपायाच्या डगल्याची बटणं रंगवत बसतो. आधी प्रायमर, मग मूळ रंग, मग चुण्यांमध्ये उतरणारा पातळ काळपट वॉश, मग कोरड्या ब्रशाने उंचवट्यांवर उजळ रंगाचा नुसता स्पर्श. पेशंटांना स्वच्छतेवर व्याख्यान देणारे हे डॉक्टर ब्रशाला टोक यावं म्हणून तो सर्रास ओठांत धरतात. ओठ लाल दिसले की पायदळ चाललंय, तपकिरी दिसले की घोडदळ, हे वहिनी लांबूनच ओळखतात. चहाचा मग आणि ब्रश धुवायचा मग शेजारी-शेजारी असतात. पुढचं सांगायला नको.

या काटेकोरपणाचं मूळ साताऱ्यात आहे. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असायचा आणि गुहेतला वाघ दिंडी दरवाजात मावायचा नाही. इतर पोरांना त्याचं काही वाटलं नाही. याच्या मनात ते सलत राहिलं. त्यामुळे आज अठ्ठावीस मिलिमीटरच्या फौजेत कुणी किंचित थोराड शिपाई उभा केला, तर सरसेनापतींचा चेहरा भरणी चुकलेल्या दाढेसारखा होतो.

त्यांचं जीवितकार्य म्हणजे असईची लढाई जिंकणं. २३ सप्टेंबर १८०३, आजचा जालना जिल्हा, केळणा आणि जुई या नद्यांची बेचकी. शिंदे-भोसल्यांकडे सुमारे शंभर तोफा, कवायती पलटणींवर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस. समोर चौतिशीतला आर्थर वेलस्ली, पुढचा वेलिंग्टन. नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत होते; पण दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसतात, तेव्हा मध्ये उतार असणारच, एवढ्या तर्कावर तो पार झाला. ‘तर्क कसला, सट्टा!’ असं सरसेनापती दोनशे वर्षांनंतरही तावातावाने म्हणतात. ते खेळतात त्या क्लबात मराठी माणूस एकच, म्हणून शिंदे कायम यांच्याकडे. वेलस्ली होतो एक निवृत्त बसड्रायव्हर. तो अतिशय सभ्य माणूस आहे आणि दर वेळी जिंकतो.

हरण्याची कारणं ठरलेली. एक म्हणजे दान. एक पडलेला फासा खिडकीत उन्हात शिक्षा भोगत बसतो. दुसरं कारण ते कबूल करत नाहीत. नव्याने रंगवलेली पलटण पहिल्याच डावात कापली जाते, हा या खेळातला सर्वमान्य समज आहे. म्हणून यांच्या सगळ्यात देखण्या पलटणी कायम मागे, राखीव. पुढे लढायला जातात ते कॉलेजच्या दिवसांत रंगवलेले, नाकडोळे पुसट झालेले बिचारे. अशाने पानिपत नाही तर काय होणार?

गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांनी घटनात्मक पेच उभा केला. असईला शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांशेजारी पडून राहिले, इंग्रज पायदळ पुढे गेल्यावर उठले आणि पाठीमागून तोफा डागू लागले. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा, सरसेनापती म्हणाले, माझे टेबलावरून उचललेले गोलंदाज मला परत मिळालेच पाहिजेत. क्लबात खळबळ उडाली. मेलेला तो मेला, हा या खेळाचा पाया!

सरसेनापतींच्या मुलाला हसू आवरेना. तो वॉरहॅमर या काल्पनिक फौजांच्या खेळातला, त्याच्या कपाटात ऑर्क, एल्फ आणि सांगाड्यांची अख्खी फौज. बाप त्याला तुच्छ लेखतो, कारण ऑर्कच्या डगल्याला ऐतिहासिक पुरावा नसतो (त्याचे वॉश मात्र रात्री गुपचूप वापरतो). मुलगा म्हणाला, “बाबा, आमच्यात मेलेले उठवायला निदान मांत्रिक तरी लागतो. तुमचे आपोआप उठतात?”

पंच एक निवृत्त शाळामास्तर. त्यांनी आठवडाभर पुस्तकं चाळून निर्णय दिला: गोलंदाज उठतील, पण इतिहास लावायचा तर पुरता लावू. लढाई संपण्याआधीच दौलतराव शिंदे मैदान सोडून गेले होते. सबब शिंद्यांच्या खेळाडूने ऐन भरात टेबल सोडून आत जाऊन सर्वांसाठी चहा करावा. पोलमन म्हणून मुलगा खेळेल.

क्लब भरतो त्या चर्चच्या हॉलला लागून छोटं स्वयंपाकघर आहे, मध्ये वाढपाची खिडकी. किटलीला उकळी येत होती आणि सरसेनापती खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत होते, “तोफा फिरव! अरे, मागे फिरव!” बसड्रायव्हरने शांतपणे सांगितलं की पोलमनला इतक्या लांबून ऐकू येत नाही, आणि आपल्या चहात दोन चमचे साखर. मुलाने फासे टाकले. सहा. पुन्हा सहा. उठलेल्या गोलंदाजांनी हायलँडरांची पलटण पार झोपवली. मग बापाने जपून ठेवलेली, कालच पुरी झालेली राखीव पलटण पोराने सरळ उचलली आणि पुढे घातली. वेलस्ली नदीपलीकडे हटला. बसड्रायव्हरने उठून हात पुढे केला.

सरसेनापती चहाचा ट्रे तसाच टाकून धावत आले. असई जिंकली होती. ते मुलावर कडाडले, “हात लावू नकोस म्हटलं होतं ना, वॉर्निश ओलं आहे!”