संरक्षित, म्हणूनच सोयीचे

त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीला शासनाने 2017 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले, हे फार बरे झाले. नाहीतर रोपवे नेमका कुठे न्यायचा, हे 'पर्वतमाला' योजनेला कळले कसे असते? ब्रह्मगिरी ते अंजनेरी पाळणे फिरू लागले, की कड्यावरच्या गिधाडांना घरबसल्या माणसे पाहता येतील.

इथे 'सेरोपेजिया अंजनेरिका' नावाचे कंदीलपुष्पही आहे. शास्त्रात त्याची नोंद 2006 ची. पावसाळ्यात गवतात उगवते आणि कुणाच्या नजरेला पडत नाही. इतक्या दुर्मीळ वनस्पतीने असे भिडस्त राहणे शोभत नाही. खांबांच्या पायाभरणीला तरी तिने हजर राहावे.

खाली गावात गोदावरीला आपण केव्हाच काँक्रीटच्या स्लॅबखाली सुखरूप ठेवले आहे. ऊन नाही, धूळ नाही, कुणाची दृष्ट नाही. असे संरक्षण कोणत्या कायद्याला जमले? त्याच धर्तीवर ब्रह्मगिरीवरही स्लॅब टाकावा. दरडी थांबतील, सिंहस्थाला पार्किंग होईल.

वन्यजीवांच्या हरकतींचे म्हणाल, तर मुदतीत एकही लेखी अर्ज आलेला नाही. फक्त गिधाडे हल्ली कडा सोडून कचेरीवर घिरट्या घालतात. मेलेले कुठे आहे, ते त्यांना म्हणे लांबूनच कळते.