टाकी गेली मागे

“आज सकाळपासून पेट्रोलचा वास नाही आला, लक्षात आलं का तुझ्या?”

“खरंच की मावशी. अण्णांनी जीप विकली का काय?”

“विकतात कसले! वडलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली विलीज, 1944 सालची. एक वेळ माईंच्या पाटल्या विकतील. नळी नीट बसली शेवटी, म्हणून वास गेला. आमच्या ह्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला ह्या माणसाचा, पण अण्णा विचारतील तर शपथ! आधी अख्खं उद्यमनगर पालथं घातलं, मग भिंतीपलीकडं डोकावले.”

“पण मुळात टाकी मागं न्यायचं खूळ कशाला?”

“त्यात अण्णांचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही मला. त्या जीपची टाकी कुठं असते ठाऊक आहे? ड्रायव्हरच्या सीटखाली. 57 लिटर पेट्रोलवर बसून गाडी हाकायची! पंपावर गेलं की अण्णांनी खाली उतरायचं, सीटची गादी उचलायची, मग झाकण उघडायचं. पोरं बघत राहायची. आणि झाकणाचं रबर गेलं की वास थेट नाकात. नातवंडं बसायला तयार होईनात. मग कुणीतरी कानात फुंकलं, मागं चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये टाकी टाका, पुढं जीपवाल्या कंपनीनंही तसंच केलंय. ते खरंच आहे म्हणे. झालं, अण्णा पेटले.”

“अन् टाकी बसली?”

“टाकी बसली गं. हवेचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. टाकीच्या माथ्यावर एक बारकी नळी होती, ती मिस्त्रीनं बोल्ट मारून बंद केली, का तर वास नको. वर झाकण लावलं दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, घट्ट. जुन्या झाकणातून हवा आत जायची सोय होती, याला तीही नाही. निघाले गगनबावड्याला. कळ्याच्या पुढं गेले न गेले तोच गाडी आचके देऊन बंद. जरा थांबले, चालू. पुन्हा बंद. कॉईल बदलली, कार्बुरेटर दोनदा धुतला, पंपाचा पडदा नवा टाकला. ह्यांनी एकच विचारलं, ‘झाकण उघडलं तेव्हा फस्स आवाज आला का?’ अण्णा म्हणाले, आला की. ‘मग पंपाला कशाला शिव्या देताय?’”

“म्हणजे काय, मला नाही कळलं.”

“अगं, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून ओतून बघ. गटगट करतं आणि अडतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. इंजिन जेवढं पेट्रोल ओढणार, तेवढी हवा टाकीत शिरायला नको? ती शिरली नाही की आत पोकळी होते, आणि एका टप्प्याला पंपाला ओढता येत नाही. थांबलं की कुठून तरी हवा झिरपते, म्हणून गाडी पुन्हा चालू. पत्र्याची टाकी आत चेपलेलीसुद्धा ह्यांनी पाहिलीय.”

“मग बोल्ट काढला की संपलं.”

“अण्णांनाही असंच वाटलं! बोल्ट काढला, वीतभर रबरी नळी लावली आणि तिथंच खाली सोडून दिली. टाकी गळ्यापर्यंत भरून करूळ घाट चढायला लागले. गाडीनं नाक वर केलं की पेट्रोल मागं धावणारच. नळीतून टपटप रस्त्यावर, आणि हातभर अंतरावर तापलेला सायलेन्सर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, खालीच साचून राहते. अण्णा नशीबवान म्हणायचे. माईंना यातलं काही सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.”

“नाही हो. पण मग नळी न्यायची कुठून?”

“वर. टाकीच्या माथ्यापासून बॉडीच्या कडेनं चढवत न्यायची, पेट्रोल भरायच्या तोंडाच्याही वर, तिथं वळसा द्यायचा आणि मग तोंड खाली, धूळपाणी जाऊ नये म्हणून. मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह, गाडी उलटली तर आपोआप बंद होणारा. हे म्हणतात हवेची नळी ती एवढीच नाही, भरताना आतली हवा बाहेर यायला दुसरी जाड नळी हवी, टाकीपासून भरायच्या तोंडापर्यंत. ती नव्हती म्हणून तर पंपावर नोझल सारखं कटत होतं, आणि अण्णा पंपवाल्याशी भांडत होते. आणि काठोकाठ भरायची नाही कधी. सकाळी गार पेट्रोल 50 लिटर भरलं आणि दुपारी वीस अंशांनी तापलं, तर जवळपास लिटरभर फुगतं. त्याला जागा नको?”

“मावशी, तुम्हीच गॅरेज काढा.”

“चाळीस वर्षं हेच ऐकत जेवण वाढलंय. आणखी ऐक. टाकी मागं गेली म्हणजे पेट्रोलची नळी लांबली. मिस्त्रीनं ती नेली सायलेन्सरच्या कडेनं, तर उन्हात पेट्रोल नळीतच उकळायचं आणि पंप वाफ ओढत बसायचा. ह्यांनी ती दुसऱ्या बाजूनं घेतली आणि रबरं सगळी बदलली. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, जुनी रबरं त्यात विरघळल्यासारखी होतात. एवढं होऊन तो मिस्त्री त्याच टाकीला वेल्डिंग मारायला निघाला होता. रिकामी आहे म्हणे! भरलेल्या टाकीपेक्षा वाफेनं भरलेली रिकामी टाकी वाईट. हे आयुष्यात पहिल्यांदा कुणावर ओरडले असतील.”

“एवढं सगळं छान जुळलं, मग आता पुन्हा काय काढलं अण्णांनी?”

“आता हीच खरी गंमत. जावयानं डोक्यात घातलंय, व्हिंटेज नोंदणी करा. 2021 सालापासून नियम आहे, पन्नास वर्षांवरची गाडी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, वीस हजार भरले की दहा वर्षं बघायला नको. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आणि अण्णांनी तर पेट्रोल भरायच्या तोंडासाठी बॉडीला हे एवढं भोक पाडून ठेवलंय! वर त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. हे म्हणाले, ‘गगनबावडा हवा की पाटी हवी, एक काय ते ठरवा.’ मला विचारशील तर टाकी होती तिथं ठेवून नवं झाकण लावलं असतं, शंभर कटकटी वाचल्या असत्या. पण अण्णांना पाटी हवी. म्हणून भोक बुजवायचं आणि मूळ टाकी परत सीटखाली.”

“मूळ टाकी असेलच की घरात.”

“होती. माईंनी पावसाळ्याआधी माळा आवरला.”

“अगं बाई! भंगारवाल्याला?”

“हळू बोल. वजनावर गेली. अण्णांना पत्ता नाही. कालपासून माळ्यावर चढून शोधतायत.”

“आणि माई?”

“माई शिडी धरून उभ्या. ‘नीट बघा, त्या कोपऱ्यात असेल,’ म्हणत होत्या.”