दातखीळ

जुंजी इतो आधी दात बनवायचे. डेंटल टेक्निशियन होते. साच्यावरून लोकांचे दात घडवायचं चिकट, बारीक काम. जपानच्या गिफू प्रांतात १९६३ साली जन्मलेल्या या माणसाने १९८७मध्ये, नोकरी सांभाळून, एक भयचित्रकथा काढली आणि मासिकाच्या स्पर्धेला धाडली. परीक्षकांत साक्षात भयचित्रकथाकार काझुओ उमेझु. त्यांच्या कथा इतोंनी लहानपणी बहिणींच्या मासिकांत वाचलेल्या. बक्षीस मिळालं ते उत्तेजनार्थ. पुढे नोकरी सुटली, आणि दात बसवणारे हे गृहस्थ लोकांची दातखीळ बसवू लागले.

त्या पहिल्या कथेतली तोमिए मोठी देखणी. तिचा खून होतो, तुकडे होतात आणि ती पुन्हा वर्गात येऊन उभी राहते. ही कल्पना सुचली म्हणे एका वर्गमित्राच्या अचानक मृत्यूवरून आणि पालीच्या तुटून उगवणाऱ्या शेपटीवरून. पाल काय आपल्याकडेही आहे. आपण केरसुणी शोधतो, एवढंच.

त्यांच्या ‘उझुमाकी’ या चित्रकथेत (१९९८-९९) तर भूतच नाही. एका गावाला चक्क एका आकाराची बाधा होते: वेटोळ्याची. एक बाप गल्लीत उकिडवा बसून गोगलगायीचा शंख न्याहाळत राहतो, आणि शेवटी स्वतःच गोल लाकडी टबात वेटोळं होऊन सापडतो. हे चित्र येतं पान उलटल्यावर. उलटायचं पाप आपल्याच बोटांचं. आणि प्रत्येक सुरकुती, प्रत्येक केस असा रेखलेला, की दाताच्या कारखान्यातला हात लगेच ओळखू यावा. गोष्टीचा शेवट अनेकदा ढेपाळतो, हे खरं. पण गोष्ट विसरली जाते, चित्र नाही.

‘फ्रँकेन्स्टाइन’च्या चित्रकथारूपासाठी २०१९ साली त्यांना अमेरिकेतलं आयस्नर पारितोषिक मिळालं. माझं मत मात्र त्यांच्या मांजरांच्या रोजनिशीला. घरातली योन आणि मू ही दोन मांजरं, आणि बायको. तिघांनाही त्याच भयंकर रेघांनी काढलंय. बायकोच्या डोळ्यांत तर बुबुळंच नाहीत. एवढं होऊन संसार टिकला, म्हणजे धन्य ती माउली!

भित्र्यांनी सुरुवात मांजरांपासून करावी. ‘उझुमाकी’ मात्र दिवाळीच्या आठवड्यात हातात घेऊ नका. चकल्या तशाच उरतात.