चौथीचा प्रकल्प : पालकांसाठी मार्गदर्शिका

प्रकल्पाचे काम तो शाळेत द्यायच्या आदल्या रात्री साडेनऊला सुरू करावे. त्याआधी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘नक्की काय न्यायचंय?’ असे विचारणे सक्तीचे आहे. बाईंनी ते वहीत लिहून दिलेले असते, पण वही उघडणे नियमात बसत नाही. चौथीला शिवचरित्र, म्हणून विषय बहुधा किल्ल्याची प्रतिकृती. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा तो दुकानदाराकडे हळू आवाजात मागावा. त्यावर स्प्रेचा रंग थेट मारू नये. थर्मोकोल विरघळतो आणि राजगडाची माची डोळ्यांदेखत खचते. आधी फेव्हिकॉलचा हात द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा. मुलाला झोपवावे. त्याचा हात लागला तर बुरूज वाकडा होतो.

१९१८ साली विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने प्रकल्पपद्धती मांडली, तेव्हा मुलाने मनापासून ठरवलेले काम स्वतःच तडीला न्यावे, अशी त्याची अपेक्षा होती. आपण त्यातले ‘मनापासून’ तेवढे उचलले आणि ते बाबांना दिले. राज्यात आकारिक मूल्यमापन आले, त्यात निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक यांच्या पंगतीला प्रकल्प बसवला. म्हणजे मूल काम करताना काय करते, कुठे अडते, हे पाहायचे. पण रात्री अकराला कोण अडले आहे हे बघायला बाई घरी येत नाहीत. त्यामुळे गुण तयार वस्तूला मिळतात, आणि गुण वस्तूला मिळतात म्हणून बाबा जागतात. चाळीस मुलांच्या वर्गात दुसरे काय होणार, हा आक्षेप खराच आहे. तरी ‘गडावर पाणी कुठे साठवायचे?’ एवढे विचारायला अर्धे मिनिट पुरते, आणि त्या अर्ध्या मिनिटात किल्ला कोणाचा ते कळते.

एवढ्या लहान मुलांना जमत नाही हो, असे म्हणणाऱ्यांनी दिवाळीत जिन्याखाली डोकावावे. तिथे हीच मुले विटा-दगड रचतात, त्यावर ओले गोणपाट टाकतात, कारण नुसती माती उतारावर ठरत नाही. हे त्यांना मागल्या वर्षी ढासळलेल्या कड्याने शिकवलेले असते. मोहरी उगवायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून ती वसुबारसेच्या आधी पेरायची, हा हिशेबही त्यांचाच. पाणी हाताने शिंपडायचे. तांब्या ओतला की तटबंदी मावळ्यांसकट खाली. मावळा महाराजांपेक्षा मोठा निघाला तर त्याला पायथ्याशी उभे करतात, म्हणजे तो जवळ असल्यामुळे मोठा दिसतो. याला कोणी गुण देत नाही, फाइल लागत नाही, आणि मोठ्यांची लुडबुड झाली तर मुलेच हाकलून देतात. किलपॅट्रिकला आणखी काय हवे होते?

आता खरे बोलायचे तर बऱ्याच बाबांना स्वतःलाच किल्ला करायचा असतो. सोसायटीत गेल्यापासून माती मिळालेली नसते बिचाऱ्यांना. त्यात गैर काही नाही. त्यांनी आपला वेगळा करावा, मुलाचा वाकडा बुरूज आहे तसा राहू द्यावा. हे ज्यांना झेपणार नाही, त्यांनी सकाळी किल्ला रिक्षात मांडीवर आडवा धरावा, भगवा झेंडा काढून खिशात ठेवावा, आणि शाळा येईपर्यंत मुलाकडून तीन माच्या पाठ करून घ्याव्यात : पद्मावती, सुवेळा, संजीवनी.