थिअरीत आठ तास

कंपासपेटीत मावेल एवढा कॉम्प्युटर, त्याला सात इंची स्क्रीन आणि या दोघांना पोसायला विटेएवढी बॅटरी घेऊन फिरणारा गृहस्थ तुमच्या ओळखीत नाही, असं म्हणू नका. असतोच. कोजागरीला गच्चीवर दूध आटत असताना जो पिशवीतून वायरांचं भेंडोळं काढतो आणि ‘बघा, कुठेही प्लग नाही’ म्हणतो, तोच. त्याला कॉम्प्युटरचं वेड आहे असा सगळ्यांचा समज. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. त्याला कॉम्प्युटरशी काडीचंही कर्तव्य नाही. बॅटरीला काहीतरी काम असावं म्हणून त्याने तो पाळला आहे.

पुरावा त्याच्या स्क्रीनवरच आहे. एवढ्या खटाटोपातून तिथे दिसतं काय? खोलीचं तापमान, तारीख-वार आणि बॅटरी किती टक्के उरली. म्हणजे बॅटरी कॉम्प्युटरला चालवते आणि कॉम्प्युटर बॅटरीची खबर देतो, संसार पूर्ण. वेळही दिसते, पण तिच्या भरवशावर कोणी गाडी पकडायला निघू नये. या छोट्या कॉम्प्युटरच्या, म्हणजे रास्पबेरी पायच्या, चौथ्या पिढीपर्यंत, वीज गेल्यावरही चालू राहील असं घड्याळ बोर्डावर नव्हतंच. इंटरनेट मिळालं तर ठीक, नाहीतर मागच्या वेळी जिथे सोडलं तिथून पुढे मोजणी सुरू. 2023 सालच्या पाय 5 मध्ये घड्याळ आलं, पण त्याला वेगळी छोटी बॅटरी जोडावी लागते. तुम्हाआम्हाला ही कटकट वाटेल. त्याला ती पर्वणी वाटली.

मुळात हा बोर्ड यासाठी जन्मलाच नाही. 29 फेब्रुवारी 2012 रोजी केंब्रिजच्या मंडळींनी 35 डॉलरचा मॉडेल बी विक्रीला काढला, तो मुलांनी घरच्या टीव्हीला जोडून प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून. टीव्ही आहे तिथे प्लग असणारच, हे त्यांनी गृहीत धरलं. आपल्या गृहस्थाला ते मान्य नाही. तो हिशेब मांडतो: पाय 4 आणि स्क्रीन मिळून साधारण 6 वॉट, म्हणजे 5 व्होल्टला 1,200 मिलिअँपिअर, पॉवर बँक 10,000 मिलिअँपिअर-तासांची, करा भागाकार. ‘थिअरीत आठ तास सहज!’ प्रत्यक्षात पाच तास होतात न होतात तोच स्क्रीन काळा. कारण खोक्यावरचा आकडा आतल्या सेलचा, म्हणजे 3.7 व्होल्टचा असतो. त्याचे झाले 37 वॉट-तास. ते 5 व्होल्टपर्यंत चढवताना पंधरा टक्के उष्णतेत गेले असं धरा, उरले 31. त्यांना सहाने भागा. हे कळल्यावर तो खचत नाही, थिअरी दुरुस्त करतो. ‘थिअरीत पाच तास.’ मग वायर आडवी येते. बारीक तारेच्या स्वस्त यूएसबी केबलमध्ये मीटरभर जाऊन परत येईपर्यंत 1 अँपिअरला सुमारे 0.4 व्होल्ट गळतात. बोर्डाला मिळणारा दाब 4.63 व्होल्टच्या खाली गेला की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते, बोर्ड मंदावतो, कधी मध्येच रीस्टार्ट होतो आणि जाता जाता मेमरी कार्डही नासवतो. थिअरी पुन्हा दुरुस्त: ‘जाड केबलने, थिअरीत, पाच तास.’

बरं, बॅटरीवर जास्त चालावं एवढाच हेतू असता तर तो कधीच सुखी झाला असता. 2015 साली आलेला 5 डॉलरचा पाय झीरो इतकी कमी वीज खातो, की काही पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या स्वतःहून बंद होतात. यावर त्याने काय करावं? एक रेझिस्टर समांतर जोडून वीज फुकट जाळत ठेवावी, म्हणजे पॉवर बँक जागी राहील! मिलिअँपिअरसाठी घरच्यांना स्क्रीनचा उजेड कमी करायला लावणाऱ्या माणसाने हे करावं, यातच सगळं आलं.

यावर त्याच्या बाजूने तीन आक्षेप घेता येतात. पहिला असा, की वीज जाते तेव्हा उपयोग होतो. पण मग घरात इन्व्हर्टर आहे. तो सांगेल, की बॅटरीच्या 12 व्होल्टचे आधी 230 करायचे आणि अडॅप्टरने परत 5 करायचे, यात दोनदा नुकसान. मुद्दा बिनतोड आहे, फक्त त्या नुकसानीचे पैसे चहाच्या कपाएवढेही होत नाहीत. दुसरा आक्षेप शेताचा: बांधावर प्लग कुठून आणायचा? खरं आहे, पण बांधावर स्क्रीन बघायला कोण बसलंय? तिथे ईएसपी 32 सारखा मायक्रोकंट्रोलर लागतो, जो बहुतेक वेळ झोपतो आणि झोपेत मायक्रोअँपिअरवर भागवतो. हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण महिनोन्‌महिने चालणारी बॅटरी त्याच्या काय कामाची? तिच्याकडे बघत बसण्यासारखं काही नसतं. तिसरा आक्षेप पैशांचा, म्हणजे हे सगळं स्वस्तात होतं असा, आणि तो काढला की बिचारा गप्प होतो. कारण कोणीतरी पोरगं हमखास विचारतं, ‘काका, पण हे मोबाइलवर नाही का होत?’

होतं. एकच बोर्ड, स्क्रीन, बॅटरी, सगळं आयतं. पण मोबाइल आपल्याला आत डोकावू देत नाही, आणि इथे माझा सूर नाइलाजाने बदलतो. जुन्या लॅपटॉपची ‘गेलेली’ बॅटरी हा माणूस उघडतो. आत 18 मिलिमीटर जाडीचे, 65 मिलिमीटर लांबीचे सेल निघतात. मल्टिमीटरची लाल-काळी टोकं लावून तो एकेक तपासतो, निकामी बाजूला काढतो, धडक्यांवर व्होल्टेज लिहून पट्टी चिकटवतो. सेलला थेट डाग द्यायचा नाही, टोकं चुकूनही एकमेकांना टेकू द्यायची नाहीत, हे तो मुलांना ज्या काळजीने सांगतो, ती काळजी लॅपटॉप विकणाऱ्याने दाखवलेली नसते. महाराष्ट्रातल्या गावांत लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून अभ्यास केलेल्या पिढीतला तो आहे. त्याच्या लेखी वीज ही जाणारीच वस्तू. ती गेल्यावर उरणारा एक लहानसा उजेड आपल्या हातचा असावा, एवढीच त्याची मागणी असावी, असं मला वाटतं. त्याला विचारलंत तर तो नाही म्हणेल आणि केबलची जाडी सांगायला लागेल.

शिवाय फसतो कोण? तो आपली थिअरी दर आठवड्याला खोटी पाडून पुन्हा मांडतो. आपण 20,000 चा आकडा बघून पैसे मोजतो आणि फोन किती वेळा चार्ज झाला हे मोजतही नाही. तेव्हा पॉवर बँक घ्यायला जाल तेव्हा पुढचा मोठा आकडा सोडा. मागे बारीक अक्षरांत 5 व्होल्टला मिळणारी ‘रेटेड कपॅसिटी’ छापलेली असेल, तिच्यावरून भाव करा. ती वाचायला याला बरोबर न्या. दुकानदार वैतागेल, पण पैसे वाचतील.