तोडीत उठलेला माणूस

गाण्यातलं आपल्याला कळतं, हा माझा समज पुण्यात वर्षानुवर्षं सुखरूप राहिला, कारण पुण्यात तो कुणी तपासून पाहत नाही. सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजीवर बसायचं, डोळे मिटायचे, शेजारचा 'वा' म्हणाला की पाठोपाठ 'क्या बात है' म्हणायचं, एवढ्या भांडवलावर मी सोसायटीत दर्दी म्हणून ओळखला जातो. डोळे मिटले की मला झोप लागते, हे फक्त हिला ठाऊक आहे.

तर हा दर्दी डिसेंबरात मुलाकडे चेन्नईला गेला. तमिळ मार्गळी महिना, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून थेट संक्रांतीपर्यंत. या दिवसांत त्या शहरात माणसं गाणं ऐकतात, आणि मधल्या वेळात बाकीची कामं उरकतात. म्युझिक अकादमी १९२८ पासूनची, ट्रिप्लिकेनची पार्थसारथी स्वामी सभा तर १९०० सालची, शिवाय मैलापूर, टी. नगर, जिकडे जावं तिकडे सभा, म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्था. दुपारी तरुण मंडळींचं गाणं बहुधा फुकट, संध्याकाळी नावाजलेल्यांचं तिकिटावर. सून म्हणाली, "बाबा, मी येते सोबत." मी म्हटलं, नको, मी अगदी तिथल्या माणसासारखा जाऊन ऐकणार आहे. आणि मुलाची वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून, सवाईच्या सवयीनं वर स्वेटर चढवून, बगलेत थर्मास मारून निघालो. चेन्नईत डिसेंबरातही घाम येतो, हे मला रिक्षातच कळलं.

सभागृहात माझ्या शेजारी सत्तरीतलं एक जोडपं होतं. तिथल्या रीतीनं मी त्यांना मामा-मामी म्हणू लागलो. मामी कांजीवरममध्ये, मांडीवर एक जुनी वही. मामांनी माझ्या स्वेटरकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "फीवर?"

गाणं सुरू झालं आणि अख्खं सभागृह मांडीवर ताल मोजू लागलं. आदि ताल आठ मात्रांचा: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग दोनदा टाळी आणि उलटा हात. आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला आठपर्यंत मोजणं काय अवघड! पण त्या लोकांच्या कृतीचा, म्हणजे रचनेचा, मुखडा कित्येकदा समेवर उठतच नाही, सम गेल्यावर मात्रा-दीड मात्रा थांबून मग निवांत उठतो, आणि मी आपला गायिकेनं तोंड उघडलं की टाळी द्यायचो, तेव्हा बाकीचे बोटांपर्यंत पोचलेले असायचे. त्यांना गाठायच्या घाईत माझा उलटा हात मामांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवला. त्यांचा ताल चुकला नाही.

थोड्या वेळानं मामांनी जिभेनं 'च्च, च्च' केलं. मला वाईट वाटलं. बाई तर बरी गात होती! मग मागच्या रांगेतूनही 'च्च' आलं, डावीकडून आलं, आणि सगळेच चुकचुकायला लागल्यावर मीही हळहळून मान हलवली आणि मामांच्या कानाशी लागलो, "हवा बदलली की घसा धरतो एखाद्याचा." ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. ती दाद होती.

यानंतर मी ठरवलं, आता गप्प बसायचं. बसलोही असतो. पण बाईंनी नवा राग आळवायला घेतला, आणि कधी नव्हे ते माझ्या कानांनी सूर ओळखले. रिषभ कोमल, गंधार कोमल, धैवत कोमल, निषाद कोमल. भैरवी! आता आपल्याकडे भैरवी लागली याचा अर्थ लहान मुलालाही कळतो: चपला शोधा, पार्किंगला गर्दी होईल. मला बाईंची जरा कीवच आली, तासाभरात उरकावं लागलं बिचारीला. पण आपण तिथल्या माणसासारखे, गर्दीच्या आधी निघणारे! मी उठलो. एका हातात स्वेटर आणि थर्मास, दुसऱ्या हातात सुटू पाहणारी वेष्टी, अशा अवस्थेत मी पंधरा-वीस गुडघे ओलांडत, प्रत्येकाला 'सॉरी' म्हणत बाहेर पडलो. व्हायोलिनवाल्यानंही मान वर करून पाहिलं.

सभेचं कँटीन मागच्या बाजूला मांडवात होतं. या हंगामात तिथं गाण्याइतकीच कँटीनची चर्चा असते, कुठल्या सभेचा डोसा यंदा कसा आहे यावर वाद होतात, आणि या एका विषयात मी कुणालाही हार जाणार नाही. मांडव रिकामा. मला पाहताच गल्ल्यावरचा माणूस दचकून उठला, घड्याळ बघितलं आणि आत ओरडला. आत धावपळ उडाली, तव्यावर एकदम आठ-दहा डोसे पडले. मग मी एकटाच आहे हे पाहून सगळे माझ्याकडे बघू लागले. मी काशी हलवा मागितला. तो कोहळ्याचा असतो आणि तुपात पोहत असतो. दोन खाल्ले. ते डोसे आपल्यामुळे पडले, या अपराधी भावनेनं त्यातलेही दोन खाल्ले. आतलं गाणं मात्र संपेना.

बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि लोंढा आला, त्यात मामा-मामीही. मी म्हटलं, "छान झालं, नाही? संपलं वाटतं." मामा म्हणाले, "छे, तनि आवर्तनम चालू आहे." म्हणजे मुख्य रचनेनंतर मृदंग-घटम वाजवणाऱ्यांचा स्वतंत्र तुकडा. त्या वेळी कॉफीला उठायचं, ही तिथली जुनी खोड. मृदंगवाले त्यावर चिडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

मग त्यांनी मला शेजारी बसवून, वाटी-पेल्यात कॉफी वरखाली करत, समजावलं. मैफलीची ही घडी अरियकुडी रामानुज अय्यंगारांनी गेल्या शतकात बसवली: आधी वर्णम, मग कृती, मग ऐन मध्यावर एक भारदस्त राग सविस्तर, त्याला जोडून तनि, आणि शेवटी हलक्याफुलक्या रचना. आजचा तो भारदस्त राग म्हणजे तोडी. आपल्या भैरवीचे सूर त्यांच्या तोडीत लागतात, आपली तोडी त्यांच्याकडे तिसऱ्याच नावानं असते, आणि भैरवी म्हणतात तो राग त्यांच्याकडे आहेच, पण तो वेगळा. मला घाम फुटला. स्वेटर हातात होता तरी.

"तनिमध्ये लोक उठतात," मामा शेवटी म्हणाले, "पण तोडीत?" पुढचं वाक्य सभ्यपणानं त्यांनी गिळलं.

मी निमूट त्यांच्यामागून आत गेलो. आता बाईंनी एक अभंग सुरू केला. मराठी! तंजावरला आपल्या भोसल्यांचं राज्य होतं, तेव्हापासून तिकडच्या भजनांत आपले अभंग मुरलेत, आणि हल्ली कर्नाटक मैफलीच्या शेवटी एखादा अभंग येतोच. माझी छाती अशी फुगली की वेष्टीची गाठ ढिली झाली. दोन तासांत पहिल्यांदाच त्या सभागृहात मी घरचा होतो. मामींनी वही उघडली. सगळा अभंग तमिळ अक्षरांत लिहिलेला. त्या हलक्या आवाजात एकेक चरण म्हणत होत्या. मी ध्रुपद खणखणीत म्हटलं आणि पुढे नुसते ओठ हलवले.

मामी कौतुकानं वळून म्हणाल्या, "तुम्ही पुण्याचे! कुठल्या संतांचा हो हा?"

आता माघार कशी घेणार? मी पुढच्या दोन रांगांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तुकाराम महाराज!"

मामींनी आदरानं मान डोलावली. आणि बाईंनी शेवटचा चरण घेतला, ज्यात संत स्वतःच आपलं नाव सांगतात. बाईंनी तो चांगला चार वेळा घोळवून म्हटला. चारही वेळा नामदेव.