पाठवतो म्हणालात ना?

‘फोटो पाठवतो’ हे आपल्या छंदातलं सर्वांत मोठं खोटं आहे.

बांधावर बोलतो, जत्रेत बोलतो, दिंडीत बोलतो. समोरचा माणूस मान डोलावतो. आपण कॅमेऱ्याची बॅग खांद्याला अडकवतो आणि गाडीला किक मारतो. फोटो हार्ड डिस्कमध्ये जाऊन पडतो. माणूस वाट बघत राहतो.

फेब्रुवारीत वसमतकडच्या एका शिवारात हळद शिजवण्याच्या कुकरपाशी उभा होतो. वाफ निघत होती, ओली हळद पालावर पसरायचं काम चाललं होतं. पसरणाऱ्या बायांपैकी एक उठली, कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, “भाऊ, मागच्या साली तुम्हीच आलते ना? फोटू धाडतो म्हणलते. माह्या पोराचा नंबर बी घेतलता.”

नंबर माझ्या फोनमध्ये होता. फोटो संगणकात होता, आणि चांगला होता. मधे अख्खं वर्ष होतं. कमी पडली ती दानत. याला दुसरा शब्द नाही.

हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला आता हौशी कॅमेरेवाले बरेच झाले. चांगली गोष्ट आहे. रविवारी पहाटे कोणी सिद्धेश्वरच्या जलाशयावर पक्षी टिपायला जातो, कोणी औंढ्याला देवळावर, दसऱ्यात रामलीला मैदानावरच्या गर्दीत प्रत्येक दहा पावलांवर एक लेन्स दिसते. फोटो काढून झाले की चहाच्या टपरीवर विषय एकच: पुढची लेन्स कोणती? किट लेन्सवाल्याला पन्नास एमएम हवी. पन्नासवाल्याला सत्तर-तीनशे हवी. क्रॉप सेन्सरवाल्याला फुल फ्रेम हवा. मीही या गप्पांत तासन्‌तास बसतो. अवजारावर जीव असल्याशिवाय हात बसत नाही, हे सुताराला विचारा, नाही तर शिंप्याला.

पण त्या टपरीवर एकदा एवढंच विचारून बघा: गेल्या वर्षभरात किती फोटो छापले, आणि किती ज्याचे त्याला दिले? सगळे चहाकडे बघायला लागतात.

हिशेबच मांडू. चार बाय सहा इंचांचा स्वच्छ प्रिंट काढायचा, इंचाला ३०० ठिपके धरायचे, तर १२०० गुणिले १८०० पिक्सेल लागतात. म्हणजे २२ लाखांच्या आत. नवशिक्याच्या २४ मेगापिक्सेलच्या डीएसएलआरमध्ये २४० लाख असतात. भिंतीवर लावायच्या आठ बाय बाराच्या फोटोलाही ८७ लाख पुरतात. आपल्या हातातला कॅमेरा गरजेच्या कितीतरी पुढे आहे. तरी रात्री दोनपर्यंत जागून आपण ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीची परीक्षणं बघतो. एका चांगल्या लेन्सच्या पैशात अख्ख्या गावाचे प्रिंट निघतील. लेन्स घ्या, जरूर घ्या. पण आधी गावाचं देणं फेडा.

रोलच्या काळात हे देणं आपोआप फिटायचं. आगफाच्या क्लिक थ्रीमध्ये १२० चा रोल बसायचा आणि त्यात चौकोनी १२ फोटो निघायचे. बाराच. म्हणून बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्मही स्टुडिओतून चालायची. रोल धुतला, प्रिंट काढला, तेव्हा कुठे फोटो जन्माला यायचा. प्रिंट नाही तर फोटो नाही. आणि एकदा कागद हातात आला की तो ज्याचा त्याच्या घरी जायचाच; शेजारच्या पोराचा फोटो आपल्या कपाटात ठेवून काय करणार? डिजिटलने प्रिंटची सक्ती काढली आणि सक्तीबरोबर आपली रीतही गेली.

त्याच्याही मागे जाऊ. आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाच्या दरबारी लाला दीनदयाळ छायाचित्रकार होते. १८९४ मध्ये त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. त्याच्या दोन वर्षं आधी, १८९२ मध्ये, त्यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ उघडला. पडद्यातल्या स्त्रियांना परक्या पुरुषासमोर बसावं लागू नये, म्हणून तिथे कॅमेराही बाईच्याच हाती होता. समोर बसणाऱ्याचा मान राखायची अक्कल या धंद्याला तेव्हापासून आहे. फक्त तो मान हवेल्यांपुरता होता. त्याच राज्यात कापूस वेचणाऱ्या बाईची छबी कोण काढणार? आज आपण काढतो. शेकडो काढतो, वाहवा मिळवतो. हवेलीच्या भिंतीवर छबी लागली, तिच्या घराची भिंत अजून कोरीच आहे. सव्वाशे वर्षांत बदललं ते इतकंच, आणि याला जबाबदार आता निजाम नाही. आपण आहोत.

कॅमेऱ्याची काळजी मी कमी लेखत नाही. आपल्या जिल्ह्यात ती इतर ठिकाणांपेक्षा जास्तच घ्यावी लागते. वाळलेली हळद पॉलिशच्या ढोलात घालतात ती जागा बघा. ढोल फिरायला लागला की हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल सुटते आणि पिवळा धुरळा उठतो. दहा मिनिटांत तो झूमच्या रिंगखाली शिरतो, फिरवताना कचकच जाणवते. फ्लॅश बसवायच्या खाचेत पिवळी रेघ साचते, शटरच्या बटणावर बोटाचा पिवळा ठसा उठतो. तिथे लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीला भोक पाडून ती लेन्सच्या तोंडाशी रबराने बांधली की निम्मं काम होतं. घरी आल्यावर आधी ब्लोअरने हवा, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यांत शेवटी. खिशातली दस्ती काढून काच पुसणारे माझे मित्र आहेत. त्यांच्या लेन्सवरचे ओरखडे आता कायमचे आहेत.

औंढ्याला अडचण वेगळी. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. नागनाथाच्या देवळाचा काळा पाषाण चौकटभर आला की ते उजेड वाढवतं, शिल्पं राखेसारखी फिकी दिसतात. तिथे एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली आणायचं. नर्सी नामदेवला परतवारीच्या एकादशीला याच्या नेमकं उलट: पांढऱ्या टोप्या आणि धोतरांची गर्दी बघून मीटर उजेड कमी करतं, टोप्या मळकट येतात आणि टोपीखालचा रापलेला चेहरा पार काळा होतो. तिथे वर चढवायचं, आणि टोपीकडे न बघता चेहऱ्याकडे बघून ठरवायचं. टोपी थोडी जळाली तरी चालेल. ज्याचा फोटो आहे त्याला स्वतःचे डोळे दिसले पाहिजेत.

पावसाळ्यात बुरशी. ओलसर दिवसांत बंद कपाटात, चामडी कव्हरात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे वाढतात. माझी एक लेन्स अशीच गेली. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, ते निळ्याचं गुलाबी झालं की गरम करून पुन्हा वापरायचं, एवढं पुरतं. आणि लेन्स वापरत राहायची. उजेड लागत गेला तर बुरशी सहसा धरत नाही.

फोटोचंही तसंच आहे. अंधारात पडून राहिला की तो वाया जातो.

कसा, ते मला एका तेरवीने शिकवलं. एका गावातून तरुण मुलगा आला. म्हणाला, तीन वर्षांखाली तुम्ही आमच्या बाबांचा फोटो काढला होता, कुकरपाशी, चिलीम ओढताना, ते गेले, तेरवीला फ्रेम करायची आहे, घरात आधार कार्डावरच्या फोटोशिवाय दुसरा नाही. मी फोल्डरमागून फोल्डर उघडत गेलो. नाव लिहिलेलं नव्हतं, गाव लिहिलेलं नव्हतं, होते ते फक्त चार आकडी क्रमांक. दोन तासांनी फोटो सापडला. बाबा वाफेतून थेट कॅमेऱ्यात बघत होते, मिश्कील. पोराने स्क्रीनला हात लावला आणि म्हणाला, “त्यायनी लै बार विचारलं, फोटू आला का म्हणून.”

फोटो हार घालून भिंतीवर गेला. ज्याने तीन वर्षं विचारलं, त्याने तो बघितला नाही.

त्या दिवसापासून बॅगेत ब्लोअरच्या शेजारी शंभर पानी वही असते. ज्याचा फोटो काढला त्याचं नाव, गाव, कोणाच्या आखाड्यावर, आणि फोटोचा क्रमांक. आधी विचारून काढतो. नको म्हटलं तर कॅमेरा खाली. महिन्याच्या शेवटी एक दिवस फक्त प्रिंटचा. त्यातही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कॅमेऱ्याची चौकट तीनास दोन असते, ती चार बाय सहाच्या कागदावर तंतोतंत बसते. मोबाइलची बहुतेक वेळा चारास तीन असते. तशीच छापायला दिली तर वरखाली कापली जाते आणि मागच्या रांगेतल्या उंच माणसाचं डोकं जातं. म्हणून आधी स्वतः कापून द्या. आणि कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर बोटं उठतात, आणि शेतातल्या घरात फोटो एका हातात थांबत नसतो.

वसमतच्या त्या बाईचा प्रिंट मी पुढच्याच आठवड्यात घेऊन गेलो. एक तिला, एक तिच्या जावेला, आणि सगळ्या बायांचा एकत्र असलेला प्रत्येकीला. तिने आधी हात पदराला पुसला, मग फोटो घेतला, उन्हाकडे वळवला. स्वतःकडे बघितलंच नाही. कडेला बोट ठेवून म्हणाली, “ही पाहा, आमची सासू बी आली याच्यात.” कडेला, वाफेत अर्धी झाकलेली, एक म्हातारी बसलेली होती. वर्षभर तो फोटो मी कितीदा मोठा करून तपासला होता: फोकस, धार, नॉइज, सगळं. ती म्हातारी मला कधी दिसली नव्हती. तिने फोटो खाली केला तेव्हा पांढऱ्या कडेवर हळदीचा अंगठा उठला होता. कागद मॅट होता, तरी उठला.

त्या दिवशी मला कळलं की फोटो पूर्ण होतो तो बटण दाबल्यावर नव्हे, आणि संगणकावर रंग सुधारल्यावरही नव्हे. तो तिथे पूर्ण होतो, तिच्या हातात. त्याच्या अलीकडचं सगळं, बॉडी, लेन्स, कार्ड, बॅटरी, ही फक्त वाट आहे. आपण वाटेलाच घर समजून बसलो.

मित्रांनो, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता बाहेरूनही कॅमेरे येतील, पिवळ्या राशींचे सुंदर फोटो निघतील आणि दूर कुठे तरी छापले जातील. येऊ द्या. पण राशीपाशी बसलेल्या माणसाला त्याचा फोटो नेऊन देणं बाहेरच्याला जमणार नाही. ते काम आपलं आहे, कारण गाव आपल्याला माहीत आहे, वाट माहीत आहे आणि शब्दही आपणच दिला आहे.

या रविवारी कॅमेरा घेऊन बाहेर पडू नका. घरी बसा, जुने फोल्डर उघडा आणि ज्यांना ज्यांना ‘पाठवतो’ म्हणालात त्यांची नावं कागदावर लिहा. यादी लांब निघेल. त्यातले पहिले दहा छापा आणि स्वतः जाऊन द्या. पुढच्या हळदीला जाण्याआधी मागच्या हळदीचे फोटो पोचले पाहिजेत.